तिसऱ्या दरीतला मुक्काम

माझ्या सासूबाईंना थंडी सोसत नाही. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलचा एसी लावला की त्या शाल घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्यामुळे डिसेंबरात जपानला स्कीइंगला जायचं ठरलं तेव्हा त्या घरीच राहतील, हे मी आणि नवऱ्याने गृहीतच धरलं होतं. खालच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाला रोज एकदा डोकावून जायला सांगायचं, इथपर्यंत आमचं बोलणं झालं होतं. जेवताना विषय निघाला, तेव्हा सासूबाईंनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाल्या, "मीपण येते."

आमची तेरा वर्षांची मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, इट्स मायनस एट देअर, लाह." सासूबाईंनी मायनस आठ म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि दोन स्वेटर घालीन म्हणाल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भात वाढून घेतला. म्हणजे ठरलं.

त्या मिरजेच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली, अगदी ट्रंक कॉल लावून द्यायच्या काळापासून. सासरे गेल्यावर नवरा मिरजेला जाऊन त्यांना घेऊन आला, त्यांचा सिंगापूरला राहायचा लाँग टर्म पास काढला, आणि आमच्या तिसऱ्या खोलीत त्यांचं सामान लागलं. त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी त्यांना आई म्हणते. या दोन वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि याचा मला अभिमान होता. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून मी सात-सव्वासातला घरी यायची तेव्हा कुकर झालेला असायचा. मी म्हणायची, आई, तुम्ही कशाला केलंत, मी आलेच असते ना. त्या म्हणायच्या, अगं, सहज लावला. मग दुसऱ्या दिवशी मी सकाळीच भाजी चिरून, डाळ भिजवून जायची, त्यांना कष्ट नकोत म्हणून. पुढे मी आठवड्यातून तीनदा एका बाईंना स्वयंपाकाला बोलावलं. त्यांचे कपडेही आमच्या कपड्यांबरोबर मशीनला लावायला लागले. सासूबाईंनी कशालाच नाही म्हटलं नाही.

सहलीची आखणी माझ्याकडे होती. ऑफिसात मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि घरातही मला तसंच वागायची सवय लागली आहे. मुलीच्या वर्गातल्या निम्म्या मुली दरवर्षी जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर जातात. तिथली नावं सिंगापूरमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. मला तिथे जायचं नव्हतं. एवढा प्रवास करून पुन्हा आपल्याच ब्लॉकमधली माणसं लिफ्टच्या रांगेत भेटायची असतील तर काय अर्थ? म्हणून मी महिनाभर येता-जाता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून शोधत राहिले, आणि मुख्य बेटावरच्या डोंगरांत मला एक जागा सापडली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. इंग्रजीत तिच्याबद्दल फारसं काही नव्हतंच, आणि ते तसंच राहिलं तर बरं.

शेजारीशेजारी तीन दऱ्या. तिन्हींच्या उतारांवर पूर्वी वेगवेगळी स्कीची ठिकाणं होती, वेगवेगळ्या मालकांची. पुढे त्यांनी ती लिफ्टने एकमेकांना जोडली आणि तिन्हींना मिळून एकच पास केला. पहिल्या दरीत मोठी हॉटेलं, दुकानं आणि नवशिक्यांसाठी शाळा. दुसरीत थोडी कमी वस्ती. पहिलीतून तिथे दहा मिनिटांत बस जाते. तिसरी दरी डोंगराच्या पलीकडे. दुसरीतून गोंडोलात, म्हणजे लोखंडी दोरावर लटकणाऱ्या बंद डब्यात बसायचं; तो माथा ओलांडून पलीकडे तिसऱ्या दरीत उतरतो. रस्त्याने जायचं तर डोंगराला पूर्ण वळसा घालावा लागतो, दीड तास.

शहाण्या माणसाने पहिल्या दरीत खोली घेतली असती. मी तिसरीत घेतली. तिथे एक आठ खोल्यांचं घरगुती लॉज होतं, तळमजल्यावर खोली होती, म्हणजे आईंना जिने नकोत. खोलीत रॉकेलचा हीटर होता. गरम पाण्याचं न्हाणीघर बायकांसाठी वेगळं होतं. आणि मुख्य म्हणजे मालकीणबाईंनी शाकाहारी जेवण देईन असं कळवलं होतं. जपानमध्ये हे सोपं नाही. साध्या सूपच्या पाण्यातसुद्धा मासळी असते. त्यांनी भाषांतर करून लिहिलं होतं, "मी माशाशिवाय प्रयत्न करते. पहिल्यांदा करते. चुकल्यास क्षमा." हे वाचून मला त्या बाईंबद्दल इतकं बरं वाटलं की नवशिक्यांची शाळा डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आहे, ही गोष्ट मी गंभीरपणे घेतलीच नाही. रोज गोंडोलाने जाऊ, त्यात काय.

निघायच्या दोन दिवस आधी नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं अडलं आणि त्याची रजा रद्द झाली. आपण सगळंच पुढच्या वर्षावर ढकलू, असं तो म्हणाला. मुलगी खोलीत जाऊन दार लावून बसली. मीसुद्धा मनातून सुटले होते, कारण एकटीने मुलीला आणि सासूबाईंना बर्फात सांभाळायचं म्हणजे सहल कसली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तो नसला म्हणून काय झालं? आपण तिघी जाऊ." त्यांनी बॅग आधीच भरली होती. तीत शाल, दोन स्वेटर, थालीपिठाची भाजणी आणि मोज्यांचे सहा जोड होते.

टोकियोपासून बुलेट ट्रेन, मग बस, आणि शेवटच्या स्टॉपवर मालकीणबाई स्वतः छोटी गाडी घेऊन उभ्या होत्या. वय सासूबाईंच्या आसपास, अडुसष्ट-सत्तर. ठेंगण्या, रबरी बुटात, डोक्याला फडकं बांधलेलं. त्यांनी आमच्या दोन मोठ्या बॅगा उचलून गाडीत टाकल्या, मी पुढे होईपर्यंत तिसरीही टाकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आमच्या गाडीपेक्षा उंच. मुलगी फोन धरून चित्रीकरण करत होती. सासूबाईंनी एकदाच काचेला हात लावून बघितला आणि मग त्या पदर सावरून बसल्या. त्यांनी साडीच्या आत गरम पँट घातली होती, आणि साडी सोडायला त्या तयार नव्हत्या.

पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. सकाळी मी आणि मुलगी गोंडोलाने पलीकडे जायचो, तिथून बसने शाळेत. मुलगी पहिल्याच दुपारी उतारावरून सरळ येऊ लागली. मी पडत होते. स्कीचे बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पायांना बादल्या बांधून चालण्यासारखं आहे, आणि पडल्यावर उठायचं कसं हे शिकण्यातच माझा एक अख्खा दिवस गेला. शिकवणारा तरुण फार नम्र होता, दरवेळी तोच माझी माफी मागायचा. पण वर गोंडोलाच्या माथ्यावरच्या स्टेशनातून तिन्ही दऱ्या एकदम दिसतात, ते दृश्य मी विसरणार नाही. एकीकडे रंगीत जॅकेटांची गर्दी आणि स्पीकरवरची गाणी, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे आम्ही राहत होतो तिथे, पंधरा-वीस छपरं आणि एक सरळ वर जाणारा धूर. तिसऱ्या दरीतले उतार लांब आणि रिकामे होते. एखाददुसरा म्हातारा जपानी माणूस एकटाच सावकाश वळणं घेत खाली यायचा. मी ठरवलं होतं की जरा जमायला लागलं की शेवटच्या दिवशी आपल्या बाजूने स्की करत खाली यायचं, लॉजच्या दारापर्यंत.

सासूबाई दिवसभर लॉजवर असायच्या. मी संध्याकाळी विचारायची, कंटाळलात का? त्या म्हणायच्या, नाही गं, वेळ जातो. जमिनीवरच्या गाद्या त्यांना आवडल्या होत्या, गरम पाण्याचं न्हाणीघर तर फारच. एवढं ऐकून मी पाय शेकायला बसायची.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. सकाळी गोंडोला चालू होता म्हणून आम्ही गेलो. दुपारी एकच्या सुमारास बर्फ आडवा यायला लागला, शाळेने वर्ग बंद केले, आणि आम्ही बसने दुसऱ्या दरीत पोचलो तेव्हा गोंडोलाच्या दारावर साखळी लावलेली होती. वाऱ्यामुळे आजचा दिवस बंद. मी तिथल्या माणसाला रस्त्याबद्दल विचारलं. त्याने नकाशावर बोट ठेवून दाखवलं की वळशाच्या रस्त्यावर बर्फ घसरून येण्याची भीती असल्यामुळे तो दुपारीच बंद केला आहे. टॅक्सी, बस, काहीच जाणार नव्हतं. चार किलोमीटरवर, त्याच डोंगरामागे सासूबाई होत्या, आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

शाळेच्या ऑफिसातल्या एका बाईने तीन-चार फोन करून आम्हाला पहिल्या दरीतल्या हॉटेलात खोली मिळवून दिली. मग मी सासूबाईंना फोन लावला. लावण्याआधी दोनदा मनात वाक्यं जुळवली. मी म्हटलं, "आई, आम्हाला आज यायला जमणार नाही. वाऱ्याने सगळं बंद झालंय."

त्या म्हणाल्या, "बरं. पोरीचे मोजे ओले झाले असतील, ते आधी बदल."

मी म्हटलं, दुसरे मोजे इथे नाहीत. मग हीटरवर वाळव, म्हणाल्या. मी विचारलं, घाबरल्या नाहीत ना? बाकी पाहुणे आहेत का लॉजवर? त्यांनी सांगितलं की येणारे पाहुणे रस्ता बंद असल्यामुळे आलेच नाहीत, त्या आणि मालकीणबाई दोघीच आहेत. मला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण त्याच म्हणाल्या, "इथलं काही बघू नकोस. तुम्ही दोघी जेवून घ्या." आणि फोन ठेवला.

हॉटेलची खोली चांगली होती, खिडकीतून दिव्यांचा उतार दिसत होता. मी दर पाच मिनिटांनी हवामानाचं ॲप उघडत होते. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो माझ्यावरच चिडला: आईला एकटीला कशी सोडलीस? मुलगी पलंगावर पाय दुमडून नूडल्स खात होती. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "ममा, आजी इज ओके. शी इज युज्ड टू बीइंग अलोन." मी म्हटलं, एकटी कुठे असते ती, आपण सगळे असतो की घरी.

मग तिने मला जे सांगितलं, ते सांगायचं नाही असं तिने आजीला कबूल केलं होतं. थोडा वेळ ती अडखळली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलली. आम्ही सगळे बाहेर पडलो की आजी अकराच्या सुमारास एमआरटीत बसते. पासिर रिस हे आमच्या लाइनचं शेवटचं स्टेशन. तिथून दुसऱ्या टोकाच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाते, सव्वा तास. तिथे खाली उतरत नाही. त्याच गाडीने परत येते. आठवड्यातून तीन-चार वेळा. मुलीला हे कळलं कारण एकदा शाळा लवकर सुटली होती आणि तिला आजी डब्यात बसलेली दिसली, हातात पिशवी नाही, काही नाही. "शी सेज शी लाइक्स टू हिअर पीपल टॉक," मुलगी म्हणाली. "शी सेड डोंट टेल यू."

बुओना व्हिस्टा त्याच लाइनवर आहे. म्हणजे त्या माझ्या ऑफिसखालून दिवसातून दोनदा जात होत्या.

मी मुलीला रागावले नाही. तिने खाऊन संपवलेला डबा उचलला, तिचे मोजे हीटरवरून काढून उलटे करून परत ठेवले, आणि तिला जवळ घेऊन बसले. दोन वर्षं मी त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांपासून औषधाच्या डब्यापर्यंत सगळ्याची यादी ठेवली होती. दुपारी त्या काय करतात हा प्रश्न मला कधी खरा पडलाच नव्हता. तोंडाने रोजच विचारायची, पण उत्तर ऐकायला थांबत नव्हते.

सकाळी आकाश स्वच्छ होतं, तरी वर वारा आहे म्हणून गोंडोला अकरापर्यंत सुरू झाला नाही. आम्ही दारातच उभ्या होतो. पहिल्या डब्यात बसलो. माथा ओलांडून खाली उतरताना मी छपरं मोजत होते, आमच्या लॉजचं छप्पर दिसलं, धूर दिसला. स्टेशनपासून लॉजपर्यंत पाच मिनिटांची वाट होती, ती मी त्या जड बुटात जवळजवळ पळत गेले.

खोलीत कोणी नव्हतं. जेवणघरात नव्हतं. मागच्या बाजूने खरवडल्यासारखा आवाज येत होता. मी वळसा घालून गेले, तर सासूबाई मालकीणबाईंचे रबरी बूट आणि कापूस भरलेला कोट घालून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, हातात लाल प्लास्टिकचं रुंद फावडं घेऊन मागच्या दारापुढचा बर्फ बाजूला ढकलत होत्या. चार हातांवर मालकीणबाई तेच करत होत्या. दोघी बोलत नव्हत्या. लय मात्र जमलेली होती. एकीने ढकललं की दुसरी थांबायची.

रात्रभराची भीती माझ्या तोंडातून रागाने बाहेर आली. मी म्हटलं, आई, हे काय चाललंय, पडला असता तर? इथे दवाखाना कुठे आहे माहीत आहे का? त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे गाल लाल झाले होते आणि धाप लागली होती. त्या म्हणाल्या, एवढं दारापुरतं राहिलंय, ते संपवते. आणि त्यांनी ते संपवलं. मालकीणबाई मान खाली घालून मला सारखं काहीतरी सांगत होत्या, बहुतेक क्षमा मागत होत्या. मला माझीच लाज वाटली.

दुपारी मुलगी न्हाणीघरात गेली, तेव्हा आम्ही दोघी जेवणघरात हीटरपाशी बसलो. मालकीणबाई आत भांडी घासत होत्या. आदल्या संध्याकाळी काय झालं ते सासूबाईंनी सांगितलं. वाऱ्यामुळे वीज गेली होती. मालकीणबाईंनी कंदील लावला आणि यांना खोलीत एकटं न ठेवता स्वयंपाकघरात आणून बसवलं. सासूबाईंनी आपली भाजणी काढून दोघींसाठी थालीपिठं लावली. पीठ कशाचं हे मालकीणबाईंनी एकेक डाळ दाखवून विचारलं. नातीने फोनवर घालून दिलेलं भाषांतराचं ॲप होतं, त्यावर दोघी आळीपाळीने बोलत होत्या. ते काय वाटेल ते सांगायचं. मालकीणबाई काहीतरी म्हणाल्या, तर फोन म्हणाला, "माझा मुलगा मला दर रविवारी बांधतो." दोघींना कळेना. मग मालकीणबाईंनी कपाटातून एक रिकामी पेटी काढून तीत कपडे भरल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा सासूबाईंना समजलं. त्यांचा मुलगा शहरात असतो, आणि सामान बांध आणि आमच्याकडे ये असं दर रविवारी फोनवर म्हणतो. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्या जात नाहीत.

"तुम्हाला एवढं सगळं कसं कळलं?" मी विचारलं.

"जन्मभर तेच केलं की," सासूबाई म्हणाल्या. "लाइन खराब असली तरी माणसाला काय म्हणायचंय ते कळतं."

मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला परत जायचंय. मिरजेला. तिकडंच राहायचंय आता."

मला आधी काय वाटलं ते इथे खरं लिहायला हवं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तिसरी खोली रिकामी दिसली, संध्याकाळी घरात शिरताना कोणी वाट बघत नाही असं दिसलं. हे सगळं एका श्वासात झालं, आणि लगेच मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा हात धरला. फावड्याने तळव्याला फोड आला होता.

मी विचारलं, "आई, आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "रागावून गेले असते. तुम्ही चांगलेच आहात. पण मला तिथं काही करायला नाही गं. सकाळी उठते, आणि दिवस तसाच पुढ्यात पडलेला असतो."

हे त्यांना वर्षभरापासून सांगायचं होतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नव्हत्या. शिवाय, आपण आता एकटं राहू शकतो का, याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. सासरे गेल्यापासून त्या घरच्यांशिवाय एक रात्रही राहिल्या नव्हत्या. काल तुझा फोन आला तेव्हा घाबरलेच होते, म्हणाल्या. पण मग संध्याकाळ झाली, जेवण झालं, वीज गेली, आली, झोपही लागली. सकाळी उठल्यावर ती बाई काही न बोलता कोट चढवून बाहेर गेली. यांनी खिडकीतून पाहिलं आणि दुसरं फावडं कुठे आहे ते शोधलं.

एमआरटीचं मी विचारू नये असं ठरवलं होतं, पण विचारलंच. त्या किंचित हसल्या. नातीने सांगितलं होय, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझं स्टेशन आलं की मी बघायची, कुठं दिसतेस का."

मी म्हटलं, उतरायचं ना. फोन करायचा. एकत्र जेवलो असतो खाली.

"तुझं काम असतं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

उरलेले दोन दिवस आम्ही डोंगर ओलांडला नाही. मुलगी तिसऱ्या दरीतल्याच छोट्या उतारावर खेळली. मी शाळेचे पुढचे वर्ग रद्द केले, आणि लॉजच्या दारापर्यंत स्की करत यायचं माझं ठरवलेलं राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी सासूबाईंना गोंडोलाने माथ्यावर नेलं. वर गेल्यावर त्यांनी तिन्ही दऱ्या नीट पाहिल्या, आम्ही अडकलो होतो ते हॉटेल कुठलं ते विचारलं, आणि म्हणाल्या, "एवढंसं तर अंतर आहे." मग तिथल्या दुकानातलं गरम दूध आम्ही तिघींनी घेतलं. त्यांना थंडी वाजत होती, पण त्यांनी खाली जाऊया असं म्हटलं नाही. मुलीनेच शेवटी म्हटलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मीच काहीतरी बोलले असणार, असं त्याला वाटलं. मग सासूबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. मी तेव्हा मुद्दाम मुलीला घेऊन बाहेर गेले होते, त्यामुळे त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आम्ही परत आलो तेव्हा तो बाल्कनीत उभा होता आणि त्याचे डोळे लाल होते. त्याला पटायला दोन महिने लागले. मार्चमध्ये तो त्यांना मिरजेला पोचवून आला, बाथरूमला धरायच्या दांड्या बसवून आला, तिथे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंकडे किल्ली देऊन आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच महिन्यात त्यांना ताप आला आणि त्यांनी चार दिवस आम्हाला कळवलं नाही. खालच्या बाईंनी फोन केला तेव्हा नवरा मिळेल त्या विमानाने गेला. त्या वेळी तो त्यांना परत आणणारच होता. त्या आल्या नाहीत. मला वाटतं, तेव्हा मी त्याची बाजू घेतली असती तर त्या आल्या असत्या. मी घेतली नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्यांना खोकला झाला असं ऐकलं की मला रात्रभर वाटत राहतं की चूकच केली.

इकडे मी स्वयंपाकाच्या बाईंचं येणं बंद केलं. आता मुलगी कुकर लावते, कधी पाणी जास्त होतं. शनिवारी आजीला व्हिडिओ कॉल लावून ती काहीतरी करून दाखवते आणि आजी तिच्या मराठीच्या चुका काढते.

मिरज दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातून रोज शेकडो माणसं तिथे येतात, आणि कुठल्या खिडकीपाशी जायचं, कुठल्या मजल्यावर, हे त्यांना कळत नाही. सासूबाईंना एक्स्चेंजमध्ये असल्यापासून कानडी येतं. एका हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत आता त्या आठवड्यातून तीन सकाळी बसतात. कोणी नेमलेलं नाही. आधी ओळखीच्या एका बाईंना सोबत म्हणून गेल्या होत्या, मग जातच राहिल्या. त्यांना तिथे एक खुर्ची मिळाली आहे, पंख्याखालची.

परवा दुपारी ऑफिसात दोन मीटिंगांच्या मध्ये वीस मिनिटं होती, म्हणून मी त्यांना सहज फोन लावला. मागे माणसांचा गलका होता, कोणीतरी कानडीत मोठ्याने काहीतरी विचारत होतं. त्यांनी मला विचारलं, काही काम होतं का? मी म्हटलं, नाही, असाच केला. त्या म्हणाल्या, "मग संध्याकाळी कर. इथं रांग लागली आहे." आणि माझं बरं म्हणून व्हायच्या आत त्यांनी फोन ठेवला.